सुपारी आणि आखडलेला जबडा

नागपूरच्या महाल भागातील एका शाळेत शिक्षकांसमोर तोंडाच्या आरोग्याविषयी बोलण्याचा प्रसंग आम्हांला आला होता. बोलण्याच्या ओघात आम्ही सर्वांना एक सोपी चाचणी करायला सांगितली. हाताची मधली तीन बोटे एकमेकांना चिकटवून उभी धरायची आणि ती वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का, ते पाहायचे. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे सहसा मावतात. सभागृहात थोडी हसाहशी झाली आणि सर्वांनी तोंडे उघडली. पुढच्या रांगेतील एका ज्येष्ठ शिक्षकांचा हात मात्र दोन बोटांवरच थांबला.

कार्यक्रम संपल्यावर ते आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, मी तंबाखूला शिवत नाही. खर्रा तर नाहीच नाही. जेवणानंतर फक्त सुपारीचं खांड तोंडात असतं. दोन वर्षांपासून तोंड कमी उघडतं, पण अक्कलदाढेचा त्रास असेल म्हणून दुर्लक्ष केलं. आणि सुपारीनं असं कसं होईल? ती तर देवापुढे ठेवतात."

हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटला. सुपारी आणि आखडलेला जबडा यांचा संबंध शोधून काढायला वैज्ञानिकांनाही काही दशके लागली. ते का चुकले आणि नंतर योग्य वाटेवर कसे आले, ही हकिकत शिक्षकांनी जाणून घ्यावी अशी आहे. विज्ञानात कारण आणि परिणाम यांची गल्लत कशी होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

दातखीळ अनेक प्रकारची

खालचा जबडा दोन्ही कानांच्या पुढे असलेल्या सांध्यांवर हलतो. तोंड मिटण्यासाठी गालातले आणि कानशिलावरचे बळकट स्नायू काम करतात. तोंड उघडताना हे स्नायू सैल पडतात आणि गालांच्या आतले मऊ आवरण ताणले जाते. पूर्ण उघडलेल्या तोंडात वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधील अंतर साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर असते.

या रचनेत कोठेही बिघाड झाला तरी जबडा अडतो. धनुर्वातात स्नायू आखडून दातखीळ बसते. अक्कलदाढेभोवती पू झाला तर काही दिवस तोंड उघडत नाही. लहानपणी पडून हनुवटीला मार लागला आणि सांधा सांधला गेला, तर जबडा कायमचा अडकतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'हनुग्रह' हा विकार वातविकारांमध्ये सांगितला आहे. म्हणजे जबडा धरणे ही गोष्ट आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत होती.

आपण ज्या विकाराचा विचार करीत आहोत त्यात मात्र सांधा चांगला असतो आणि स्नायूही सुरुवातीला चांगले असतात. बिघडते ते गालाच्या आतले आवरण. ते पांढुरके होते, चामड्यासारखे कडक होते आणि त्याखाली दोरीसारखे पट्टे तयार होतात. बोट फिरवले तर ते हाताला लागतात. हे पट्टे जबड्याला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवतात. पाणीपुरी तोंडात मावत नाही, शिटी वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही आणि हळूहळू घासही लहान करावा लागतो. या विकाराला 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. तोंडाच्या श्लेष्मल आवरणाखाली तंतूंची अतिरिक्त वाढ होणे, असा त्याचा अर्थ आहे.

नाव मिळाले, कारण मिळाले नाही

सुश्रुतसंहितेतील 'विदारी' हा मुखरोग म्हणजेच हा विकार, असे अनेक आधुनिक लेखांत लिहिलेले आढळते. त्या वर्णनात दाह, सूज आणि मांस कुजणे आहे. हळूहळू आखडत जाणाऱ्या तोंडाचे चित्र त्यात स्पष्ट दिसत नाही, म्हणून हा संबंध आम्ही ठामपणे सांगणार नाही.

आधुनिक वैद्यकात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली झाली. श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील हा बदल वर्णन केला आणि त्याला 'अट्रोफिया इडिओपॅथिका ट्रॉपिका म्युकोसी ओरिस' असे लांबलचक लॅटिन नाव दिले. त्यातील 'इडिओपॅथिका' या शब्दाचा अर्थ 'कारण अज्ञात'. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले आणि 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव वापरले. तेच पुढे रूढ झाले.

१९५६ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील जे. सी. पेमास्टर यांनी आणखी गंभीर बाब निदर्शनास आणली. अशा आखडलेल्या तोंडांपैकी काहींत पुढे कर्करोग होतो, असे त्यांना आढळले. आता प्रश्न केवळ घास लहान होण्याचा राहिला नव्हता. गालाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत अनेकदा जबड्याच्या हाडाचा भागही काढावा लागतो.

मिरचीवर आरोप

कारण कोणते? रुग्णांना विचारले तर जवळजवळ सगळे एकच सांगत, "आधी तिखट झोंबायला लागलं, मग तोंड आखडलं." रुग्ण बहुतेक भारतीय आणि भारतीय जेवणात मिरची भरपूर, त्यामुळे संशय साहजिकच मिरचीवर गेला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील वसंत रामजी खानोलकर आणि सत्यवती सिरसाट हे त्या काळचे नामवंत संशोधक. त्यांनी १९६० साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य लावून त्यांनी ऊतींतील बदल तपासले होते. प्रयोग योग्य होता आणि प्रश्नही योग्य होता. पण मिरची भारतातच खातात असे नाही. मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेतही ती भरपूर खातात आणि तेथे हा विकार दिसत नाही.

दुसरा संशय कुपोषणावर होता. अनेक रुग्णांच्या रक्तात लोह कमी आढळे. १९८१ साली मलेशियातील रामनाथन यांनी लोहाच्या कमतरतेशी या विकाराचा संबंध जोडला.

आज मागे वळून पाहताना दोन्ही तर्कांतील दोष कळतो. आवरण बिघडलेले असते म्हणून तिखट झोंबते. तोंड झोंबते आणि उघडत नाही म्हणून माणूस नीट जेवत नाही, आणि नीट न जेवल्याने रक्तही कमी होऊ शकते. परिणाम आधी दिसला म्हणून त्यालाच कारण मानले गेले. कुपोषणामुळे विकार बळावू शकतो, हे वेगळे. पण विकार सुरू करणारे कारण तेथे नव्हते.

सुपारीचे नाव त्या काळी कोणी घेतलेच नाही, असे नाही. पण ती एका लांब यादीत मिरची, तंबाखू आणि जीवनसत्त्वे यांच्या शेजारी उभी असे. याचे एक कारण तिच्या प्रतिष्ठेत असावे, असे आम्हांला वाटते. महाल हे नावच भोसल्यांच्या वाड्यांवरून पडलेले आहे. अशा वाड्यांतून अत्तर-गुलाब आणि पानसुपारीने दरबाराची सांगता होत असे. पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडली जाते, लग्नाच्या बोलण्यात सुपारी फुटते आणि घरोघरी अडकित्ता असतो. चरकसंहितेतही मुखशुद्धीसाठी तोंडात धरण्याच्या पदार्थांत पूग, म्हणजे सुपारी, आहे. इतक्या ओळखीच्या आणि मानाच्या वस्तूवर कोणी सहज बोट ठेवत नाही.

मोजणीने दिलेले उत्तर

उत्तर मिळाले ते खेड्यापाड्यांत जाऊन तोंडे तपासल्यावर. डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी १९६०च्या दशकात भारतातील पाच जिल्ह्यांत घरोघर तपासणी केली. ५०,९१५ ग्रामस्थांच्या तपासणीचा निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या जिल्ह्यांत या विकाराचे प्रमाण शून्य ते हजारी चार यांच्या दरम्यान होते. विकार विरळ होता आणि सर्वत्र सारखाही नव्हता.

१९९० साली सिनॉर, गुप्ता, मूर्ती आणि सहकाऱ्यांनी गुजरातेतील भावनगरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत सोपी होती. विकार असलेले ६० जण आणि वय, लिंग इत्यादी बाबतींत त्यांच्याशी जुळणारे पण विकार नसलेले ६० जण घेतले आणि दोन्ही गटांच्या सवयी विचारल्या. रुग्णांपैकी सुमारे ९८ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात सुपारी खात होते. सुपारी खाणाऱ्यांतील धोका न खाणाऱ्यांच्या शंभर पटींहून अधिक निघाला. मिरची इथे मागे पडली, कारण ती दोन्ही गटांच्या ताटात होती.

मग तंबाखूचे काय? त्याचे उत्तर १९९४ साली कराचीतून आले. तेथील अभ्यासात नुसती सुपारी खाणाऱ्यांतला धोका तंबाखू घातलेले पान खाणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता. तंबाखू कर्करोग करते यात शंका नाही. पण जबडा आखडण्यासाठी तिची गरज नाही, सुपारी एकटी पुरेशी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूसह पानविडा कर्ककारक ठरवला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

सुपारी तोंडात काय करते

आपल्या त्वचेखाली आणि श्लेष्मल आवरणाखाली कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. तंतुजनक पेशी ते सतत तयार करतात आणि काही विकरे जुने तंतू सतत मोडतात. तलावात येणारे आणि जाणारे पाणी सारखे असेल तर पातळी कायम राहते, तसेच हे आहे. सुपारी ही पातळी तीन बाजूंनी बिघडवते.

पहिली बाजू अरेकोलिनची. हे अल्कलॉइड १८८८ साली जर्मनीत यान्स यांनी वेगळे केले. एके काळी कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमी पाडण्यासाठी त्याचे क्षार देत असत, यावरून त्याच्या जोराची कल्पना यावी. चुन्याच्या संगतीत त्याचे अरेकायडिनमध्ये रूपांतर होते. ही द्रव्ये तंतुजनक पेशींना चेतवतात, असे १९८०च्या दशकात परीक्षानळीत वाढवलेल्या पेशींवर दिसून आले. म्हणजे कोलॅजेनची आवक वाढते.

दुसरी बाजू टॅनिनची. सुपारीची तुरट चव त्याचीच. बाभळीची साल किंवा हिरडा वापरून कातडे कमावतात, तेव्हा सालीतील टॅनिन कातड्यातील कोलॅजेनला घट्ट बांधते आणि मग ते कुजत नाही. सुपारीतील टॅनिन गालातील कोलॅजेनला तसेच बांधते. ते मोडणाऱ्या विकरांना मग ते मोडता येत नाही. म्हणजे जावक थांबते. गाल आतून चामड्यासारखा होतो, असे आपण वर म्हटले. ती केवळ उपमा नाही.

तिसरी बाजू तांब्याची. सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते. कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी जोडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला तांबे लागते. जास्त तांबे मिळाले की हे जोडकाम जास्त होते आणि तंतू अधिक कडक बनतात.

सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाला हा विकार होत नाही, त्यात शरीरप्रकृतीचाही भाग आहे. पण आपला नंबर कोणत्या गटात आहे, हे आधी कळण्याचा मार्ग नाही.

विड्यापासून खर्‍यापर्यंत

जुना विडा म्हणजे हिरवे पान. त्यात सुपारीचे एखादे खांड असे आणि तो जेवणानंतर किंवा समारंभात खाल्ला जाई. १९७० आणि १९८०च्या दशकांत डबाबंद पानमसाला, मग छोट्या पुड्यांतला पानमसाला आणि गुटखा आला. पान गेले आणि उरली कोरडी सुपारी. पुडी स्वस्त होती, खिशात मावत होती आणि शाळेच्या दप्तरातही लपत होती.

विदर्भात याच काळात खर्रा पसरला. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात आणि पुडी बांधून देतात. महालातल्या कोणत्याही चौकात हे दृश्य दिसते. गुजरातेतील मावा हा त्याचाच भाऊ. भावनगरमध्ये १९९३-९४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा सुपारी किंवा तंबाखूची सवय असलेल्या ५०१८ पुरुषांत १६४ जणांना हा विकार आढळला. चार सोडून सारे सुपारी खाणारे होते आणि बहुसंख्य तरुण होते. १९६०च्या दशकात हजारी चारच्या आत असलेला विकार आता साथीसारखा झाला होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या लेखाच्या शीर्षकातच 'नवी साथ?' असा प्रश्न होता.

नागपूरचे चित्र आपल्याला शासकीय दंत महाविद्यालयातून मिळते. तेथील विनय हजारे आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांत आलेल्या १००० रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. एका रुग्णालयात एकाच विकाराचे हजार रुग्ण, हा आकडाच पुरेसा बोलका आहे. पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ पाचपट होते. पुरुषांत गुटखा आणि खर्रा अधिक होता, तर स्त्रियांत नुसत्या सुपारीची सवय अधिक होती. आमच्या शिक्षक मित्रांचा प्रश्न आठवावा. तंबाखूला न शिवणारी माणसेही या हजारांत होती.

उपचार कोठपर्यंत पोचतात

उपचारांचा इतिहासही सावध करणारा आहे. सूज कमी करणारी स्टिरॉइडे आणि ऊती सैल करणारे हायल्युरोनिडेज यांची इंजेक्शने गालात देण्याची पद्धत बरीच वर्षे चालू आहे. विदर्भातील बोरले आणि बोरले यांनी १९९१ साली ३२६ रुग्णांच्या अनुभवावरून असा इशारा दिला की वारंवार सुई टोचल्याने तंतू आणखी वाढू शकतात, म्हणून सौम्य उपचार बरे. जीवनसत्त्वे, लायकोपीन आणि तोंड उघडण्याचे नियमित व्यायाम यांचा काहींना उपयोग होतो. तोंड फारच आखडले तर शस्त्रक्रियेने पट्टे कापतात आणि तेथे गालातील चरबीचा गोळा किंवा नाकाशेजारची त्वचा वळवून बसवतात. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथेही अशा शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला आहे. त्यानंतर कित्येक महिने रोज व्यायाम करावा लागतो. तो सोडला तर पट्टे पुन्हा आवळतात.

सवय सोडली की विकाराची वाढ बहुधा थांबते, पण आधीचे आवरण परत येत नाही. आणि कर्करोगाची टांगती तलवार राहतेच. एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवले तेव्हा त्यांतील पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला, असे मूर्ती आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली नोंदवले. म्हणून सवय सोडलेल्यांनीही दंतवैद्याकडे नियमित तपासणी करून घेतली पाहिजे.

काडेपेटीचा धडा

जबड्याच्याच एका जुन्या रोगाची आठवण येथे उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफांनी कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. १८४५ साली व्हिएन्नातील लोरिन्झर यांनी हा रोग वर्णन केला. १९०६ साली बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतात १९१३ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. रोग कारखान्यांतून नाहीसा झाला. कारण कळल्यापासून कायदा होईपर्यंत साठ वर्षांहून अधिक काळ गेला. पण काडेपेटीवाल्यांना निर्धोक पर्याय उपलब्ध होता आणि कारखाने मोजके होते.

सुपारीचे तसे नाही. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०११ साली खाद्यपदार्थांत तंबाखू व निकोटीन घालण्यास मनाई करणारा केंद्रीय नियम आला आणि त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा गुटखा व पानमसाला बंद केला. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीचाही त्यात समावेश झाला. पण पुडी बंद झाली तरी पन्नी राहते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३च्या कायद्याने मनाई आहे. साधी सुपारी तंबाखू नसल्याने त्या कायद्यात येत नाही. तिच्यापासून मुलांना राखण्याचे काम घर आणि शाळा यांच्यावरच येते.

वर्गात काय करता येईल

तीन बोटांची चाचणी वर्गात जरूर घ्यावी, पण प्रत्येक मुलाने स्वतःचीच बोटे वापरावीत आणि हात आधी धुवावेत. कोणाची तीन बोटे जात नसतील तर सर्वांसमोर त्याचे नाव घेऊ नये. त्याला एकटे बोलावून तिखट झोंबते का, तोंडात फोड येतात का, सुपारी खातोस का, एवढे विचारावे आणि दंतवैद्याकडे पाठवावे. रागावलेले मूल खरे सांगत नाही.

वरच्या वर्गांत मिरची आणि सुपारीची ही गोष्ट सांगून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारता येईल. रुग्णाने सांगितलेले पहिले लक्षण हेच कारण आहे की परिणाम, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणाशी तुलना कराल? जे विद्यार्थी उत्तरात 'विकार नसलेल्या माणसांशी' असे म्हणतील, त्यांना वैज्ञानिक पद्धतीतील एक मोठी गोष्ट समजली, असे मानावे.

ते ज्येष्ठ शिक्षक पुढे काही महिन्यांनी आम्हांला भेटले. त्यांचे तोंड अजून दोन बोटांपुरतेच उघडते, त्याहून कमी झालेले नाही. सुपारी त्यांनी सोडली आहे. घरी पूजेत ती अजूनही मांडली जाते, पण पूजा झाल्यावर तिला अडकित्ता लागत नाही, असे त्यांनी सांगितले.